आपलं जंबो नेमकं कोणतं होतं?

चार इंजिनांची मोठी प्रवासी विमानं एकेक करून सेवेतून जात आहेत. त्यांच्या आठवणी लिहिणारी पत्रं आमच्याकडे येत असतात, आणि बहुतेक पत्रांच्या शेवटी एखादा नेमका प्रश्न असतो. त्यातले पाच इथे घेतले आहेत.

प्रश्न : पहिल्या विमानप्रवासात जंबोमध्ये, म्हणजे बोइंग ७४७ मध्ये, वर जायला गोल जिना होता. पुढे दहा-बारा वर्षांनी तो सरळ दिसला. दोन्ही ७४७च होती ना? खिडकीतून काढलेले पंखाचे फोटो आहेत, त्यांवरून प्रकार ओळखता येईल का?

दोन्ही ७४७च. गोल जिना असेल तर ते विमान ७४७-१००, ७४७-२०० किंवा आखूड ७४७-एसपी होतं. न्यूयॉर्क-लंडन मार्गावर पॅन अॅम या अमेरिकी विमान कंपनीने २२ जानेवारी १९७० रोजी जी सेवा सुरू केली ती १००ची. १९८३ मध्ये ७४७-३०० आलं, तेव्हा वरचा मजला सुमारे ७ मीटरने मागे वाढवला आणि जिना सरळ होऊन त्या मजल्याच्या मागच्या टोकाला गेला. एक अपवाद मात्र लक्षात ठेवा. काही कंपन्यांनी आपल्या जुन्या २०० विमानांचा वरचा मजला नंतर वाढवून घेतला होता. त्यामुळे सरळ जिना दिसला म्हणजे विमान ३०० किंवा त्यापुढचंच, असं छातीठोकपणे म्हणता येत नाही.

आता फोटो. आधी पंखाचं टोक बघा. टोकाला वर वळलेलं, माणसाच्या उंचीएवढं पातं (विंगलेट) असेल तर ते ७४७-४००. पातं नसून टोक मागे झुकत निमुळतं होत गेलं असेल तर ७४७-८. त्याच्या इंजिनाच्या आवरणाची मागची कड करवतीसारखी दातेरीही दिसते. दोन्ही नसेल तर विमान १००, २००, ३०० किंवा एसपी समजावं. (जपानमधल्या कमी अंतराच्या मार्गांसाठी केलेल्या ४००-डी ला पातं नव्हतं, पण ती विमानं तिथेच फिरायची.) उतरतानाचा फोटो असेल तर पंखाच्या मागच्या बाजूकडेही नीट बघा. एसपी सोडून ४०० पर्यंतच्या सगळ्या ७४७चे फ्लॅप (उतरताना पंखाच्या मागच्या कडेतून बाहेर येणारे भाग) तीन पट्ट्यांत, मध्ये फटी सोडून उघडतात. पूर्ण उघडले की त्या फटींतून खालची जमीन दिसते. ७४७-८ वर हे काम सोपं केलं: आतल्या बाजूला दोन पट्ट्या, बाहेरच्या बाजूला एकच.

गोल जिना पुन्हा बघायचा असेल तर पॅरिसजवळच्या ल बुर्जेच्या संग्रहालयातलं ७४७-१०० आणि जर्मनीत श्पायरच्या तंत्रसंग्रहालयातलं ७४७-२०० आतून पाहता येतं. श्पायरला तर पंखावरही चालता येतं. सर्वांत पहिलं, ९ फेब्रुवारी १९६९ रोजी उडालेलं ७४७ सिअॅटलच्या म्युझियम ऑफ फ्लाइटमध्ये आहे.

प्रश्न : एवढी चांगली विमानं मोडीत का काढतात? चार इंजिनं म्हणजे जास्त सुरक्षित, असंच आम्ही ऐकत आलो.

चार इंजिनांचा आग्रह नियमांमुळे होता. दोन इंजिनांच्या विमानाने, एक इंजिन बंद पडल्यास ६० मिनिटांत गाठता येईल असा विमानतळ कायम टप्प्यात ठेवायचा, असा नियम होता. त्यामुळे महासागरावरचे सरळ मार्ग त्याला बंद होते. १९८५ मध्ये ही मर्यादा १२० मिनिटांवर गेली, १९८८ मध्ये १८० वर, आणि पुढे त्याहूनही वाढली. इंजिनं इतकी भरवशाची झाली की चौथ्या-तिसऱ्या इंजिनाची गरज उरली नाही, देखभालीचा खर्च मात्र राहिला. ७४७-४०० ला ताशी १० ते ११ टन इंधन लागतं. जवळपास तेवढेच प्रवासी नेणाऱ्या बोइंग ७७७-३००ईआरला ८ टनांच्या आसपास पुरतं. हिशेब तिथेच संपतो.

चार इंजिनांच्याच, दोन मजली एअरबस ए-३८० चं दुखणं वेगळं. मोठ्या ७४७ ला मालवाहू म्हणून दुसरं आयुष्य मिळतं. खास मालवाहू बनवलेल्या विमानाचं तर नाकच उघडतं. म्हणून शेवटचं ७४७ही, ३१ जानेवारी २०२३ रोजी दिलेलं, मालवाहूच होतं. ए-३८० ची मालवाहू आवृत्ती झालीच नाही. त्यामुळे प्रवासी सेवा संपली की त्याची किंमत सुट्या भागांपुरती राहते, आणि त्यातही आधी इंजिनं, मग चाकांचे सांगाडे. सिंगापूर एअरलाइन्सकडून परत गेलेली दोन ए-३८० जेमतेम दहा वर्षं उडून फ्रान्समध्ये तार्ब इथे मोडून त्यांचे भाग सुटे केले गेले. हे वाचून वाईट वाटतं, आणि वाटायलाच हवं.

प्रश्न : ए-३८० उतरताना धावपट्टीवर तरंगत आल्यासारखं का वाटतं? ते खरंच हळू उतरतं का?

फारसं नाही. उतरतानाचा वेग १४० नॉटच्या, म्हणजे ताशी २६० किलोमीटरच्या आसपास असतो. लहान जेटही साधारण तेवढ्याच वेगाने उतरतं. फरक डोळ्याला पडतो. या वेगाने विमान सेकंदाला ७२ मीटर जातं. ए-३८० ची लांबी ७२.७ मीटर, म्हणजे स्वतःएवढं अंतर कापायला त्याला एक सेकंद लागतो. ३८ मीटरचं ए-३२० तेवढ्याच वेळात जवळजवळ दोन लांब्या पुढे जातं. डोळा वेग मोजतो तो वस्तूच्या आकाराच्या मापाने, म्हणून मोठं विमान संथ दिसतं.

पुढच्या वेळी पंखाजवळ बसलात तर चाकं टेकल्यावर इंजिनांकडे बघा. उलटा जोर देणारी आवरणं फक्त आतल्या दोन इंजिनांवर सरकतात. बाहेरची दोन इंजिनं एकमेकांपासून सुमारे ५१ मीटरवर आहेत, आणि पुष्कळ धावपट्ट्या ४५ मीटरच रुंद असतात. कडेच्या मातीवर उलटा झोत मारला तर खडे इंजिनातच जातील.

प्रश्न : शेवटच्या ७४७ प्रवासाचा बोर्डिंग पास पुसट होत चालला आहे. लॅमिनेट करू का? विमानाच्या पत्र्याचा तुकडाही विकत घेतला आहे, तो खरा कसा ओळखावा?

लॅमिनेट अजिबात करू नका. तो कागद थर्मल असतो, छपाई उष्णतेनेच उमटलेली असते. यंत्रातून काढलात तर सगळा पास काळा पडेल आणि परत येणार नाही. आजच दोन्ही बाजू रंगीत, ६०० डीपीआयवर स्कॅन करा. पुसट अक्षरं संगणकावर कॉन्ट्रास्ट वाढवून बरीच वाचता येतात. मूळ पास कागदी पाकिटात किंवा पॉलिएस्टरच्या पारदर्शक पिशवीत, अंधारात ठेवा. पीव्हीसीची स्वस्त पाकिटं टाळा. त्यातून सुटणारं रसायन छपाई खातं. सॅनिटायझर लावलेल्या हातांनीही तेच होतं.

बारकोड शाबूत असेल तर बारकोड वाचणाऱ्या अॅपने तो वाचून मजकूर उतरवून घ्या. त्यात नाव, मार्ग, उड्डाण क्रमांक, आसन आणि वर्षातला कितवा दिवस हे मिळतं. दिवस २४५ असं दिसतं, पण वर्ष नसतं! ते आठवतंय तोवर पाकिटावर पेन्सिलीने लिहून ठेवा. विमानाचा नोंदणी क्रमांकही बारकोडमध्ये नसतो. तो तारीख आणि उड्डाण क्रमांकावरून जुन्या उड्डाणनोंदींत शोधावा लागतो. बारकोडमध्ये बुकिंगचा संकेतांकही असतो, तेव्हा पुढचा प्रवास बाकी असलेल्या पासचा फोटो कुठे टाकू नका.

पत्र्याचं म्हणाल तर तो ॲल्युमिनियमचा, म्हणजे चुंबकाला न चिकटणारा हवा. आतल्या बाजूला हिरवट किंवा पिवळसर प्रायमर आणि बाहेर रंगाचे थर कडेला दिसले तर चांगली खूण. विक्रेत्याने नोंदणी क्रमांक, कारखान्याचा अनुक्रमांक आणि विमान कुठे मोडलं हे तिन्ही सांगायला हवं. ए-३८० च्या तुकड्याच्या कडेला पापुद्रे दिसले तर घाबरू नका. त्याच्या वरच्या भागात ॲल्युमिनियम आणि काचतंतू यांचे थर एकावर एक चिकटवलेलं ग्लेअर वापरलं आहे.

प्रश्न : अशा विमानात अजून एकदा बसायचं आहे. आसन कुठलं घ्यावं?

आरक्षणात विमानाचा संकेतांक बघा: ए-३८० साठी ३८८, प्रवासी ७४७-८ साठी ७४एच, ७४७-४०० साठी ७४४. आदल्या दिवशी पुन्हा तपासा, कारण विमान ऐनवेळी बदलतं. ७४७ मध्ये पैसे परवडत असतील तर खालच्या मजल्यावरची नाकातली पहिली रांग. तिथे तुम्ही वैमानिकांच्याही पुढे असता, आणि बाजू आत वळत असल्याने खिडकीतून थोडं समोरचं दिसतं. साध्या वर्गात पंखाच्या मागची खिडकी घ्या, फ्लॅप तिथूनच दिसतात. ए-३८० मध्ये वरच्या मजल्यावर खिडकीशेजारी सामानाचा कप्पा मिळतो, पण भिंत आत झुकल्याने खांद्याला जागा कमी पडते. खालच्या मजल्यावर पंखाच्या वरच्या रांगा टाळा. तो पंख ८४५ चौरस मीटरचा आहे, खालची जमीन दिसूच देत नाही.