टिलर बरा की चाक?

प्रश्न: गेटवेजवळ दर रविवारी सेलिंग शिकतेय. बोटीला टिलर आहे, म्हणजे सुकाणूचा दांडा, आणि मी दरवेळी उलटाच ढकलते. स्टिअरिंगचं चाक असलेली बोट सोपी पडेल का? – एक वाचक, माहीम

उत्तर: ताई, उलटं सगळ्यांचंच होतं, घाबरू नका. दांडा थेट सुकाणूच्या माथ्यावर बसवलेला असतो, त्यामुळे तो उजवीकडे ढकलला की पाण्यातलं पातं डावीकडे जातं आणि बोटीचं नाकही डावीकडे वळतं. चाक मात्र गाडीसारखंच, जिकडे फिरवाल तिकडे बोट, पण मधे वायर, पुल्या नाहीतर हायड्रॉलिक असतं म्हणून हाताला पाणी तेवढं कळत नाही. टिलरवर कळतं! वाऱ्याचा झोत आला की बोट वाऱ्याकडे तोंड करायला बघते आणि दांडा हाताला ओढ देतो, ती ओढ फार वाढली तर शीड जरा सैल सोडायचं, हे शिक्षण चाकावर इतकं चटकन मिळत नाही असं माझं ठाम मत आहे.

मोठ्या बोटीला चाक लागतंच, तिथे सुकाणूवर जोरच एवढा येतो. नौदलाच्या तारिणी या शिडाच्या बोटीवरून सहा जणींनी २०१७-१८ मध्ये जगप्रदक्षिणा केली ना, त्यांनाही स्टिअरिंग बिघडल्यामुळे मॉरिशसला थांबावं लागलं होतं. म्हणून चाकाच्या बोटीवरही इमर्जन्सी टिलर ठेवतात.

तुम्ही दांड्याकडे बघूच नका, नजर समोर एखाद्या खुणेवर ठेवा आणि दोन-तीन बोटांनीच धरा. मूठ आवळली की ओढ कळत नाही.