लोकल परत आली, पण त्या दोन वर्षांचा खर्च उचलला कोणी?

प्रश्न (ऐरोलीच्या एक वाचक): लॉकडाऊनमध्ये लोकल बंद होत्या, नंतर कितीतरी महिने रिकाम्या धावल्या. एवढा तोटा भरला कोणी? माझा भाचा अमेरिकेत सॅन मटेओला राहतो, तो म्हणतो तिकडे लोकांनी मतदान करून ट्रेनसाठी टॅक्स लावून घेतला. आपल्याकडे असं काही झालं का, की गुपचूप पासातूनच वसूल केलं?

ताई, भाचा बरोबर सांगतोय. त्यांच्याकडच्या कॅलट्रेनचा, म्हणजे तिथल्या लोकलचाच म्हणा ना, बराचसा खर्च तिकिटातूनच निघायचा, आणि ऑफिसवाले घरी बसल्यावर तिकीटच आटलं, गाडी बंद पडायची वेळ आली. मग नोव्हेंबर 2020 मध्ये तीन काउंट्यांमधल्या (आपल्या जिल्ह्यांसारख्या) लोकांनी सेल्स टॅक्स अष्टमांश टक्क्याने वाढवायला मतदान केलं, तेही तीस वर्षांसाठी. दोन तृतीयांश मतं लागत होती, ती पडली.

आपल्याकडे ठाणेकराला कोणी विचारलं नाही, कारण लोकल ही ठाण्याची नाही की मुंबईची नाही, ती केंद्राच्या रेल्वे खात्याची आणि सगळी कमाई एकाच गल्ल्यात. 2019-20 मध्ये देशभर प्रवासी भाड्यातून 50 हजार कोटींच्या वर आले होते, पुढच्या वर्षी जेमतेम 15 हजार कोटी. मालगाड्या चालू राहिल्या म्हणून रेल्वे तरली, आणि खड्डा बुजवायला केंद्राने 79 हजार कोटींच्या वर खास कर्ज दिलं. त्यासाठी आपल्या सेकंड क्लासच्या पासावर एक रुपयाही चढला नाही. महिन्याचा पास आजही साधारण पंधरा एकेरी तिकिटांच्या पैशात मिळतो, आणि रोज कामावर जाणारा माणूस त्याच्या तिप्पट फेऱ्या सहज मारतो. हे असंच राहायला हवं असं मला ठाम वाटतं.

म्हणजे लोकल परत येण्यात आडवा आला तो पैसा नाही, परवानगी. 15 जून 2020 ला फक्त अत्यावश्यक सेवेसाठी, 21 ऑक्टोबरला बायकांना गर्दीची वेळ सोडून, 1 फेब्रुवारी 2021 ला सगळ्यांना पण ठरलेल्या तासांत, मग एप्रिलमध्ये सामान्यांना पुन्हा बंद, आणि 15 ऑगस्टपासून दोन डोस होऊन 14 दिवस झालेल्यांना. ज्याला लसीचा स्लॉटच मिळत नव्हता त्याने बसला लटकून जायचं, दुप्पट वेळ आणि कितीतरी जास्त पैसे घालवून. तो खर्च कुठल्याच हिशोबात आला नाही, आणि मला सगळ्यात जास्त चीड त्याचीच येते.

प्रश्न (कळव्याचे एक वाचक): मग नवीन ट्रॅक टाकले तरी साध्या लोकल का वाढत नाहीत?

दादा, खरं दुखणं हेच आहे. ठाणे-दिवा पाचवी-सहावी लाइन 2008 मध्ये मंजूर झाली आणि सुरू झाली 18 फेब्रुवारी 2022 ला, खर्च सुमारे 620 कोटी. हे काम एमयूटीपीतलं, म्हणजे मुंबईची लोकल सुधारायच्या मोठ्या सरकारी प्रकल्पातलं, आणि एमयूटीपीचा खर्च रेल्वे आणि राज्य सरकार निम्मा-निम्मा उचलतात. शिवाय आपल्या तिकिटावर एमयूटीपीचा सरचार्ज वेगळा असतोच. आता या लाइनमुळे 36 नवीन फेऱ्या मिळाल्या, आणि त्यातल्या 34 एसी! एसीचं कमीत कमी भाडं तेव्हा 65 रुपये होतं, मे 2022 मध्ये ते 30 वर आणलं, पण साध्या डब्याचं 5 रुपये आहे हो. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कळवा कारशेडमधून निघणाऱ्या एसी लोकलसमोर लोक उतरले ते काय हौस म्हणून? साधी लोकल काढून तिच्या जागी एसी दिली की त्या साध्या लोकलची गर्दी मागच्या गाडीच्या दारात लटकते, एवढा सरळ हिशोब आहे. शेवटी मध्य रेल्वेला 10 एसी फेऱ्या मागे घ्याव्या लागल्या. माझा एसीला विरोध नाही, दारं बंद होणारी गाडी सगळ्यांनाच मिळाली पाहिजे, पण ती पासवाल्याला परवडेल अशा भाड्यात द्या ना. निम्मा पैसा राज्याचा असतो, त्यामुळे नुसतं स्टेशन मास्तरच्या केबिनसमोर ओरडून उपयोग नाही, आमदारालाही विचारा की यंदाच्या बजेटमध्ये एमयूटीपीला राज्याने किती दिले, आणि खासदाराला विचारा की नवीन फेऱ्यांत साध्या किती.

प्रश्न (उलव्याच्या एक वाचक): उरण लाइनसुद्धा निम्मी-निम्मीच का?

नाही ताई, नवी मुंबईचं गणित वेगळं. तिथे खर्चाचे 67 टक्के सिडकोचे (नवी मुंबई वसवणारं राज्य सरकारचं महामंडळ), 33 टक्के रेल्वेचे. खारकोपर ते उरण गाडी सुरू झाली 12 जानेवारी 2024 ला. सिडकोचा पैसा मुख्यतः जमिनी विकून येतो, म्हणजे फिरून तो तुमच्या घराच्या किमतीतच आला, आणि वर नवी मुंबईच्या तिकिटावर सिडकोचा सरचार्जही बसत आलाय. त्यामुळे फेऱ्या वाढवायचा अर्ज द्याल तेव्हा रेल्वेबरोबर एक प्रत सिडकोलाही द्या, आणि दोन्हीकडून पोच घ्या.