कोर्टाची पायरी आणि मतपेटी
(वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे)

प्रश्न : केरळात लहानपणी बिड्या वळणारा मुलगा अमेरिकेत न्यायाधीश म्हणून निवडून आला, असं वाचलं. न्यायाधीश "निवडून" कसा येतो? आपल्याकडच्या जिल्हा न्यायाधीशासारखंच हे पद आहे का? (एक वाचक, सातारा)

बातमी सुरेंद्रन पट्टेल यांची आहे. ते मूळचे कासरगोडचे. नोव्हेंबर २०२२ मध्ये ते टेक्सास राज्यातल्या फोर्ट बेंड काउंटीच्या (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) २४०व्या डिस्ट्रिक्ट कोर्टावर निवडून आले आणि जानेवारी २०२३ मध्ये त्यांनी शपथ घेतली. कामापुरतं पाहिलं तर पद आपल्या जिल्हा व सत्र न्यायाधीशाच्या जवळचं आहे, कारण गंभीर फौजदारी खटले आणि मोठे दिवाणी दावे तिथे चालतात. फरक नेमणुकीत आहे. टेक्सासमध्ये डिस्ट्रिक्ट जज चार वर्षांसाठी निवडला जातो, तोही पक्षाच्या तिकिटावर. मतपत्रिकेवर नावाशेजारी रिपब्लिकन किंवा डेमोक्रॅट असं छापलेलं असतं. सगळ्या अमेरिकेत अशी पद्धत नाही. संघराज्याच्या न्यायाधीशांना राष्ट्राध्यक्ष नेमतात आणि राज्यांचे नियम ज्याचे त्याचे.

"जज" या शब्दाने मात्र फसू नका. टेक्सासचा "काउंटी जज" हा मुख्यतः काउंटीचा कारभारी असतो. अंदाजपत्रक, रस्ते, पूर आला की मदतकार्य, असलं सगळं त्याच्याकडे. वकील असण्याची अटसुद्धा नाही. आपल्या जिल्हा परिषदेच्या अध्यक्षात थोडा जिल्हाधिकारी मिसळावा तसं ते पद आहे. मराठी बातम्यांत त्याचं सर्रास "न्यायाधीश" होतं. सगळ्यात खाली "जस्टिस ऑफ द पीस": २०,००० डॉलरपर्यंतचे दावे, भाडेकरूला घराबाहेर काढण्याचे अर्ज, किरकोळ दंडाचे गुन्हे. त्यालाही कायद्याची पदवी लागत नाही.

प्रश्न : पुण्यात एलएलबी करून सहा वर्षं वकिली केली. लग्नानंतर ह्यूस्टनजवळ राहते, ग्रीन कार्ड नुकतंच मिळालं आहे. मला या वाटेने जाता येईल का? किती वर्षं धरून चालायची? (एक वाचक, शुगर लँड, टेक्सास)

जाता येईल. तीन घड्याळं एकाच वेळी चालतात आणि बहुतेकांचं लक्ष चुकीच्या घड्याळाकडे असतं.

पहिलं घड्याळ सनदेचं, म्हणजे वकिलीच्या परवान्याचं. भारतासारख्या, इंग्लिश कॉमन लॉ चालणाऱ्या देशातल्या वकिलाला टेक्सासच्या बार परीक्षेला बसता येतं. पदवीचा कालावधी तिथल्या जेडीच्या (अमेरिकेतली कायद्याची पदवी) तोडीचा हवा, आणि मागच्या पाच वर्षांतली किमान तीन वर्षं प्रत्यक्ष वकिली केलेली हवी. खोच या "मागच्या पाच" शब्दांत आहे. अवलंबित व्हिसावर तीन-चार वर्षं घरी गेली की पुण्याची सहा वर्षं या खिडकीबाहेर जातात. मग तिथल्या मान्यताप्राप्त लॉ स्कूलमधून किमान २४ क्रेडिटचं एलएलएम करावं लागतं, म्हणजे वेळ आणि पैसा दोन्ही. तेव्हा शेवटचं वकीलपत्र कधी दाखल केलं ती तारीख आधी शोधा.

कागद आजच मागवायला लागा. बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडून सनद चालू असल्याचा आणि शिस्तभंगाची कारवाई प्रलंबित नसल्याचा दाखला, विद्यापीठाकडून सीलबंद गुणपत्रकं. अर्ज अडकतो तो बहुधा नावापाशी. पदवीवर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं, सनदेवर मधलं नाव आडनावाच्या जागी. राजपत्रातली नावबदलाची नोंद आणि विवाहाचा दाखला सोबत जोडला की पुढची पत्रापत्री वाचते.

परीक्षा दोन दिवसांची. सध्याच्या स्वरूपात २०० बहुपर्यायी प्रश्न, सहा निबंधवजा उत्तरं आणि दोन कामं अशी की फाइल हातात देऊन अशिलासाठी टिपण किंवा अर्ज तयार करायला सांगतात. उत्तीर्ण व्हायला २७० गुण. शिवाय व्यावसायिक नीतीची वेगळी परीक्षा, तिथे ८५ लागतात. आपल्याकडच्या वकिलांचं गणित बिघडतं ते त्या दोन कामांत. आपला हात सविस्तर लिहिण्याचा आणि तिथे एकेका कामाला वेळ मोजून दीड तास.

दुसरं घड्याळ अनुभवाचं. डिस्ट्रिक्ट जज व्हायला निवडणुकीआधीची आठ वर्षं टेक्सासमध्ये वकील किंवा न्यायाधीश म्हणून काम हवं, आणि त्या काळात सनद निलंबित झालेली नको. पूर्वी चार वर्षं पुरत. २०२१ च्या घटनादुरुस्तीने आठ झाली आणि १ जानेवारी २०२५ पासून सुरू होणाऱ्या मुदतींना ती लागू आहे. पुण्याची वर्षं यात मोजू नका. त्याखालच्या काउंटी कोर्ट अ‍ॅट लॉसाठी साधारण चार वर्षं लागतात, पण काही काउंट्यांचे कायदे वेगळे आहेत, म्हणून आपल्या काउंटीचं कलम वाचा. डिस्ट्रिक्ट जजला निवडणुकीआधी दोन वर्षं त्याच न्यायक्षेत्रात राहिलेलं असावं लागतं. घर बदलताना काउंटीची हद्द बघा. रस्त्याची एक बाजू एका काउंटीत आणि दुसरी दुसऱ्या, असंही असतं.

तिसरं घड्याळ नागरिकत्वाचं, आणि भारतीयांसाठी सगळ्यात सावकाश चालणारं. पट्टेल यांचाच हिशेब पाहा. १९९५ मध्ये एलएलबी, केरळात आणि मग दिल्लीत वकिली, २००७ मध्ये परिचारिका असलेल्या पत्नीबरोबर ह्यूस्टन. बार परीक्षा दोन वर्षांच्या आत पहिल्याच प्रयत्नात पार, २०११ मध्ये ह्यूस्टन विद्यापीठातून एलएलएम. नागरिकत्व मात्र २०१७ मध्ये. २०२० मध्ये पहिल्यांदा उभे राहिले ते पडले, २०२२ मध्ये निवडून आले. वकिली केव्हाच मुरली होती. उमेदवारीचं दार नागरिकत्वानेच उघडलं. तुमच्या बाबतीत ग्रीन कार्डानंतर पाच वर्षं धरा (जोडीदार आधीपासून अमेरिकन नागरिक असेल तर तीन). पाच वर्षं पुरी होण्याच्या ९० दिवस आधी अर्ज करता येतो. त्यात अनुभवाची आठ वर्षं सनदेनंतरच मोजली जातात, म्हणजे आज सनदेच्या मागे लागलात तर आठ-दहा वर्षांनी अर्ज भरण्याच्या स्थितीत याल.

आणखी एक, घरच्यांशी आधीच बोलून ठेवा. अमेरिकन नागरिकत्व घेताक्षणी भारताचं संपतं. ओसीआय कार्डावर (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं कार्ड) भारतात मत देता येत नाही, निवडणूक लढवता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाने आलेल्या जमिनीच्या सातबाऱ्यावर नाव लागू शकतं, तेवढं बरं.

प्रश्न : अर्ज भरण्यापासून निकालापर्यंत नेमकं काय होतं? पैसा किती आणि कुणाकडून? (दोन वाचक, केटी आणि डॅलस)

लढाई नोव्हेंबरात दिसते, पण जिथे एका पक्षाचा जोर आहे तिथे निकाल मार्चमध्येच लागतो. मार्चमध्ये असते प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारी निवडणूक. पट्टेल यांनी विद्यमान न्यायाधीशाला हरवलं तेही स्वतःच्याच पक्षाच्या प्रायमरीत.

एक पैसाही घेण्याआधी मोहिमेचा कोषाध्यक्ष नेमल्याचा फॉर्म भरायचा. डिस्ट्रिक्ट जजसाठी तो राज्याच्या एथिक्स कमिशनकडे, काउंटी कोर्टासाठी काउंटी क्लार्ककडे. फॉर्मआधी घेतलेला धनादेश हीच पुढे विरोधकाची पहिली तक्रार असते. उमेदवारी अर्जाची शेवटची तारीख विषम वर्षाच्या डिसेंबरातला दुसरा सोमवार. अर्ज पक्षाच्या काउंटी अध्यक्षाकडे जातो आणि त्यावरची शपथ नोटरीसमोर घेतलेली लागते. मोठ्या काउंट्यांत काही न्यायपदांना फीसोबत मतदारांच्या सह्याही लागतात. इथे अर्ज पडतात. सही करणारा त्या न्यायक्षेत्राचा मतदार नसतो, तारीख राहते, पत्ता अपुरा असतो, किंवा त्याने त्याच पदाच्या दुसऱ्या उमेदवारासाठी आधीच सही केलेली असते. लागतात त्याच्या दीडपट सह्या गोळा करा आणि मतदार यादीशी स्वतः ताडून पाहा. मंडळाच्या गणपतीत रांगेत घेतलेल्या सह्यांत निम्मे लोक शेजारच्या काउंटीचे निघतात.

नावाचा विचार अर्ज भरतानाच करा. लांबलचक मराठी नाव मतपत्रिकेवर वाचताना मतदार अडखळतो. टोपणनाव छापता येतं, पण ते एकाच शब्दाचं, दहा अक्षरांच्या आत, किमान तीन वर्षं लोकांच्या तोंडी असलेलं हवं, आणि घोषणा वाटेल असं नको. प्रायमरीतला नावांचा क्रम चिठ्ठी टाकून ठरतो. सोडतीला आपला माणूस हजर ठेवा.

मार्चच्या पहिल्या मंगळवारी प्रायमरी. कुणालाच निम्म्याहून जास्त मतं नसतील तर पहिल्या दोघांत मे महिन्यात फेरलढत, आणि तिथे मतदान आणखी रोडावतं. नोव्हेंबरात आधी एक बटण दाबून सगळ्या पक्षाला मत देता येई. २०१८ मध्ये ह्यूस्टनच्या हॅरिस काउंटीत न्यायाधीशपदाच्या सगळ्या लढती डेमोक्रॅट्सनी जिंकल्या त्या याच लाटेत. २०२० पासून ती सोय गेली. आता भलीमोठी मतपत्रिका खालपर्यंत वाचावी लागते आणि न्यायाधीशांची नावं येईतो बरेच मतदार थकतात. प्रचारपत्रकावर "मतपत्रिकेच्या शेवटापर्यंत जा" असं छापतात ते म्हणूनच.

पैशाला १९९५ च्या कायद्याने मर्यादा आहे. दहा लाखांहून जास्त लोकसंख्येच्या न्यायक्षेत्रात एका व्यक्तीकडून ५,००० डॉलर, अडीच ते दहा लाखांत २,५००, त्याखाली १,०००. देणारे बहुतेक स्थानिक वकील, म्हणजे उद्या त्याच न्यायाधीशासमोर उभे राहणारे. कायद्याला हे चालतं. आम्हाला ही या पद्धतीची सगळ्यात दुबळी जागा वाटते. वेस्ट व्हर्जिनियात एका कोळसा कंपनीच्या प्रमुखाने एका न्यायाधीशाच्या निवडीसाठी तीसेक लाख डॉलर खर्चले आणि पुढे त्याच न्यायाधीशाने त्या कंपनीच्या बाजूने मत दिलं. तेव्हा त्याने प्रकरणातून बाजूला व्हायला हवं होतं, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाला २००९ मध्ये सांगावं लागलं, तेही पाच विरुद्ध चार मतांनी.

प्रचारात काय बोलावं हेही ठरलेलं आहे. अमुक प्रकारच्या खटल्यात तमुक निकाल देईन, असं आश्वासन देता येत नाही. दुसऱ्या उमेदवाराला जाहीर पाठिंबाही देता येत नाही. राहतं काय? अनुभव, शिस्त, तुंबलेल्या प्रकरणांचा निपटारा. म्हणून ही भाषणं सगळी सारखीच वाटतात.

निवडणुकीशिवायची एक वाट आहे. मुदतीच्या मध्येच डिस्ट्रिक्ट कोर्टाची जागा रिकामी झाली तर राज्यपाल नेमणूक करतात. मग पुढच्या निवडणुकीत तुम्ही "विद्यमान न्यायाधीश" म्हणून उतरता.

प्रश्न : माझी बहीण तालुका कोर्टात दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर आहे. तिला विधानसभा लढवायची आहे. रजा घेऊन लढता येईल का? (एक वाचक, परभणी)

नाही. न्यायिक अधिकारी लाभाचं पद धारण करतो आणि राज्यघटनेच्या १९१व्या कलमाने तेवढ्यावर अपात्र ठरतो. राजीनामा द्यावा लागेल, आणि नुसता देऊन भागत नाही, तो स्वीकारला गेला पाहिजे. पात्रता पाहिली जाते अर्जांच्या छाननीच्या दिवशी. त्या तारखेला स्वीकृतीचा आदेश हातात नसेल तर निवडणूक निर्णय अधिकारी अर्ज बाद करतो. राजीनामा उच्च न्यायालयामार्फत जातो, वेळ लागतो, आणि विभागीय चौकशी चालू असेल तर अडकतो. आचारसंहिता लागल्यावर कागद हलवायला सुरुवात करू नये.

निवृत्ती किंवा राजीनाम्यानंतर किती काळ थांबायचं, याची अट कायद्यात नाही. कलकत्ता उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती अभिजित गंगोपाध्याय यांनी ५ मार्च २०२४ रोजी राजीनामा दिला आणि जूनमध्ये ते तमलुकमधून लोकसभेवर निवडून आले. यावर टीका झाली, पण कायद्याची आडकाठी नव्हती.

वय २५ पूर्ण, राज्यातल्या कुठल्याही मतदारसंघात मतदार म्हणून नाव, खुल्या प्रवर्गाला १०,००० रुपये अनामत, अनुसूचित जाती-जमातींना ५,०००. हरल्यास पुन्हा वकिलीकडे वळायचं असेल तर सेवेत जाताना स्थगित झालेली सनद बार कौन्सिलकडे अर्ज करून चालू करून घ्यावी लागते. आधी न्यायाधीश असलेल्याने कोणत्या कोर्टात उभं राहायचं यावरही निर्बंध आहेत, ते राजीनाम्यापूर्वीच वाचून घ्यायला सांगा.