नवरात्रीचे नऊ रंग आणि पापण्या: नेत्रतज्ज्ञांची उत्तरे

नवरात्र जवळ आले की साडीच्या रंगाबरोबर पापण्याही त्याच रंगात रंगवण्याची हौस घरोघरी दिसते आणि त्याच दिवसांत लाल, चिकटलेले डोळे घेऊन येणाऱ्या मुलींची संख्याही माझ्याकडे वाढते. हौसेला माझा मुळीच विरोध नाही. दरवर्षी तेच ते प्रश्न येतात, म्हणून या वेळी घट बसण्यापूर्वीच त्यांची उत्तरे एकत्र देत आहे.

प्रश्न: माझा वर्ण सावळा आहे. मोरपंखी, पिवळा, जांभळा हे रंग डबीत ठसठशीत दिसतात, पण पापणीवर राखट पडतात आणि भुकटी गालांवर सांडते. घरच्या घरी रंग उठावदार कसा आणावा? (गृहिणी, सांगली)

पापणीची त्वचा सबंध शरीरात सर्वांत पातळ असते आणि तिच्यावर तेलही लवकर सुटते, त्यामुळे कोरडी पावडर थेट लावली की ती टिकत नाही. पापणी धुऊन, टिपून कोरडी करा, प्रायमरचा, म्हणजे रंग धरून ठेवणाऱ्या क्रीमचा, अगदी पातळ थर द्या आणि पिवळ्या किंवा मोरपंखी रंगाखाली पांढऱ्या क्रीम बेसचे एक बोट फिरवा; गडद त्वचेवर रंग उजळ दिसण्याचे खरे कारण हा बेस असतो, महागडी पॅलेट नव्हे. चपट्या ब्रशवर थोडाच रंग घेऊन ब्रश डबीच्या कडेवर झटका आणि रंग घासण्याऐवजी दाबून बसवा. आरसा हनुवटीच्या खाली धरून त्यात पाहिले, तर पापणी आपोआप खाली येते, तिच्यावरची घडी मोकळी होते आणि भुकटी डोळ्यात जाण्याचा धोकाही कमी होतो. घडीत तपकिरी छटा मऊ ब्रशने फिरवून कडा मिसळून घ्या. डोळे आधी रंगवावेत आणि चेहऱ्याचे फाउंडेशन नंतर लावावे, म्हणजे सांडलेली भुकटी पुसता येते. ती तोंडाने फुंकू नका.

एक जागा मात्र मोकळी सोडा, ती म्हणजे पापणीच्या केसांच्या मुळांच्या आतली ओलसर कड. वरच्या पापणीत साधारण 25 ते 40 तेलग्रंथी असतात आणि त्यांची तोंडे याच कडेवर उघडतात. ती रंगाने बुजली की अश्रू लवकर सुकतात, डोळे चुरचुरतात आणि रांजणवाडी होण्याची शक्यता वाढते. पापण्यांच्या मुळाशी आधीपासूनच कोंडा किंवा खाज असेल, तर रंग लावण्यापूर्वी डोळे दाखवून घ्या.

प्रश्न: आयशॅडोऐवजी कुंकू, गुलाल किंवा रांगोळीचा रंग वापरला तर? तो नैसर्गिक असतो ना? (विद्यार्थिनी, नांदेड)

वापरू नका. रांगोळी म्हणजे दगडाची भुकटी, आणि यांतला कोणताही रंग डोळ्यांजवळ लावण्यासाठी बनवलेला नसतो.

प्रश्न: दांडियासाठी स्टेशनरीच्या दुकानातली चमकी व्हॅसलिनवर चिकटवायची आहे. पार्लरमधल्या ताई म्हणाल्या, काही होत नाही. डोळ्यात गेलीच तर गुलाबपाणी घालावे का? (महाविद्यालयीन विद्यार्थिनी, ठाणे)

या एका प्रश्नासाठी मी हे सदर लिहायला बसले, असे म्हटले तरी चालेल. हस्तकलेची चमकी म्हणजे ॲल्युमिनियमचा मुलामा दिलेल्या प्लास्टिकच्या पापुद्र्याचे कापलेले, बहुधा षटकोनी तुकडे असतात. ते कागदावर चिकटवण्यासाठी बनवलेले असतात आणि त्यांच्या कडा धारदार असतात. गरब्यात घाम आला की व्हॅसलिन वितळते, चमकी घरंगळत पापणीच्या कडेवर येते आणि तिथून ती डोळ्यात जाते.

काही वर्षांपूर्वी एक मुलगी डोळा उघडता येत नाही म्हणून माझ्याकडे आली होती. तिची वरची पापणी उलटी करून पाहिली, तर आतल्या बाजूला निळ्या चमकीचा एक तुकडा घट्ट चिकटलेला होता. डोळ्यात रंगद्रव्य घालून निळा प्रकाश टाकल्यावर कॉर्नियावर, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यावर, उभ्या हिरव्या रेघा एकीखाली एक लकाकल्या. प्रत्येक उघडझापीबरोबर तो तुकडा तिथे ओरखडा काढत होता. एवढ्यावर भागले असते तर जखम एक-दोन दिवसांत भरली असती. पण ती तीन दिवस उशिरा आली होती आणि तोवर डोळा चोळून झाला होता, गुलाबपाणी घालून झाले होते आणि औषधांच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेले थेंबही घालून झाले होते. त्या थेंबांत स्टेरॉइड होते. स्टेरॉइडने लाली उतरते, बरे वाटते, पण डोळ्याची प्रतिकारशक्ती दबते आणि जखमेत शिरलेल्या जंतूंना किंवा बुरशीला रान मोकळे मिळते. तिच्या बुबुळावर फूल पडले, ते आजही आहे.

म्हणून चमकी डोळ्यात गेली तर चोळू नका. हात धुऊन, लेन्स असल्यास ती काढून, उकळून गार केलेल्या किंवा पिण्याच्या स्वच्छ पाण्याने डोळा भरपूर धुवा. त्यानंतरही टोचत असेल, पाणी येत असेल किंवा उजेड सहन होत नसेल, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा, दसरा होऊ द्या म्हणून थांबू नका. गुलाबपाणी, मध, तूप आणि घरात उरलेले जुने थेंब यांपैकी काहीही घालू नका. चमक हवीच असेल तर अभ्रकाची चमक असलेली दाबीव आयशॅडो पापणीच्या मध्यावर बोटाने टिपा. ती दिव्यांत पुरेशी झळकते.

प्रश्न: कॉन्टॅक्ट लेन्स मेकअपच्या आधी घालावी की नंतर? (नोकरदार वाचक, पुणे)

आधी घालावी, आणि रात्री मेकअप पुसण्यापूर्वी काढावी. साडीला जुळणारी बिननंबरची रंगीत लेन्ससुद्धा डोळे तपासून, मापाचीच घ्यावी.

प्रश्न: लग्नात घेतलेली पॅलेट तीन वर्षांची झाली. पावडर खराब होत नाही म्हणतात, हे खरे का? नाही तर नामांकित कंपनीची पॅलेट ऑनलाइन दीडशे रुपयांत मिळते आहे, ती घेऊ का? (वाचक, छत्रपती संभाजीनगर)

दोन्ही नको. डबीच्या मागे उघड्या झाकणाच्या बरणीचे चिन्ह आणि त्यात 12 किंवा 24 असा आकडा असतो. डबी उघडल्यापासून तेवढेच महिने ती वापरायची असते. पावडर पातळ प्रसाधनांपेक्षा जास्त टिकते हे खरे, पण ओला ब्रश एकदा तिच्यात बुडवला की हा हिशेब चुकतो. मस्कारा तर तीन महिन्यांत टाकून द्यावा.

दीडशे रुपयांच्या पॅलेटवर छापलेल्या ‘हर्बल’ आणि ‘डॉक्टरांनी तपासलेले’ या शब्दांना भुलू नका. 2020च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार वेष्टनावर उत्पादकाचे नाव व पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि वापराची मुदत असावी लागते. माल परदेशी असेल तर नोंदणी क्रमांक लागतो. शिसे आणि आर्सेनिकचे रंग आपल्याकडे निषिद्ध आहेत, आणि डोळ्यांच्या प्रसाधनांत पाऱ्याला 2020च्या नियमांनी दहा लाखांत 70 भाग एवढीच मर्यादा घातली. ज्या डबीवर उत्पादकाचे नावच नाही, तिच्यात काय भरले आहे याचा जाब तुम्ही कोणाला विचारणार?

प्रश्न: शाळेच्या गॅदरिंगमध्ये एकाच ब्रशने तीस मुलींचे डोळे रंगवतात. चालेल का? (पालक, कोल्हापूर)

नाही. मुलीबरोबर तिचा स्वतःचा ब्रश आणि आयशॅडो द्या, आणि वर्गशिक्षिकेला आधीच सांगून ठेवा. तिचे डोळे आलेले असतील तर त्या दिवशी काहीच लावू नका, डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न: तीन कंपन्यांच्या आयशॅडो बदलल्या, तरी पापण्या खाजतात आणि त्यांचे पापुद्रे निघतात. (वाचक, दुबई)

दोष आयशॅडोचाच असेल असे नाही. नखे रंगवलेला हात दिवसभरात कितीतरी वेळा डोळ्यांना लागतो आणि नेलपॉलिशची ॲलर्जी बोटांवर न दिसता पापणीवर उठते. केसांचा कलप आणि सुगंधी क्रीमही अशीच फसवतात. सर्व रंग बंद ठेवून त्वचारोगतज्ज्ञांकडून पॅच टेस्ट, म्हणजे कशाची ॲलर्जी आहे ते शोधणारी त्वचेची तपासणी, करून घ्या. तोवर पापणीवर स्टेरॉइडचे मलम स्वतःच्या मनाने लावू नका.

प्रश्न: सासूबाईंची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया तीन आठवड्यांपूर्वी झाली. अष्टमीला त्यांना थोडा रंग लावू का? (सूनबाई, नाशिक)

ज्यांनी शस्त्रक्रिया केली त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नका.