जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंग डिप्लोमाच्या, पहिल्या वर्षाला आहे. नर्सिंगची तत्त्वं पाठ आहेत, पण वॉर्डात नेमकं काय धरून चालू?

तुझा प्रश्न मी दोनदा वाचला. पुस्तकातली मूलभूत तत्त्वं परीक्षेत लिहिता येतात, पण पोस्टिंगला वॉर्डात उभी राहिलीस की डोकं कोरं होतं, तर यातलं खरंच कामाचं काय, असं तू विचारलंयस. आणि शेवटी एका ओळीत, रक्त बघून चक्कर येते तर ही लाइन सोडू का? तुला ‘तू’च म्हणते. मी धुळ्याला जीएनएम केलं, पुढची सगळी नोकरी जळगाव जिल्ह्यात, आणि आमच्या वॉर्डात स्टुडंटला कुणी अहो-जाहो करत नाही.

नर्सिंगतज्ज्ञ व्हर्जिनिया हेंडरसनच्या पेशंटच्या चौदा गरजा, नर्सिंग प्रोसेसच्या पाच पायऱ्या, औषध देतानाचे ‘राइट्स’ हे सगळं खरं आहे आणि पाठ असलंच पाहिजे. पण पहिल्या वर्षी एवढं सगळं एकदम हातात धरता येत नाही. माझ्यापुरतं मी ते एकाच गोष्टीवर आणलंय: पेशंटकडे आपल्या डोळ्यांनी बघायचं, आणि जे बघितलं तेच लिहायचं. ऐकायला सोपं आहे. मी पहिल्याच वर्षी यात नापास झाले होते.

संध्याकाळची ड्युटी, फिमेल मेडिकलमध्ये अठ्ठावीस पेशंट, आणि टीपीआर, म्हणजे ताप, नाडी, श्वास मोजणं, माझ्याकडे. टेंपरेचर घेतलं, नाडी मोजली, आणि श्वासाच्या रकान्यात सगळ्यांना २० लिहून मोकळी झाले. तू वॉर्डात गेली असशील तर हसशील, कारण कुठलाही चार्ट उघड, श्वास २० नाहीतर २२. इन्चार्ज सिस्टर राउंडला आल्या, चार्ट चाळला आणि म्हणाल्या, “सगळ्या वॉर्डाचा श्वास वीसच कसा गं?” मग मला अकरा नंबरच्या कॉटपाशी नेलं. तिथली आजी उशीला दोन्ही हात टेकून बसली होती. आडवी होतच नव्हती. माझ्या लक्षात ते आलं होतं, पण मला वाटलं, झोप येत नसेल. सिस्टरांनी घड्याळ पुढे धरलं आणि पूर्ण एक मिनिट मोजायला लावलं. चौतीस. पुढच्या पाच मिनिटांत डॉक्टर आले, ऑक्सिजन लागला, लघवीवाटे अंगातलं पाणी काढणारं लॅसिक्स गेलं. आजी वाचली, पण त्यात माझं काहीच नव्हतं.

मोठ्या माणसाचा श्वास साधारण १२ ते २०. पेशंट बिघडायला लागला की बरेचदा बीपी पडायच्या आधी श्वास वाढतो, आणि नेमका तोच आकडा आपण मनाने टाकतो. मोजताना पेशंटला सांगू नकोस. सांगितलं की माणूस आपोआप श्वास सांभाळून घेतो. नाडी मोजून झाली तरी मनगट तसंच धरून ठेव आणि नजर छातीकडे ने. तीस सेकंद मोजून दुप्पट केलेलं शांत पेशंटला चालून जातं, धाप लागलेल्याला नाही.

बघण्याइतकंच ऐकणं. आपल्याकडचा पेशंट पुस्तकातली लक्षणं बोलत नाही. तो म्हणतो, “जीव घाबरी ऱ्हायना.” मे महिन्यात जळगावात पारा ४५च्या आसपास असतो, सगळ्यांचाच जीव घाबरत असतो, म्हणून हे वाक्य कानावरून जातं. पण साठीची, डायबेटिस असलेली बाई हे म्हणाली तर तिला पंख्याखाली बसवून पुढच्या कॉटवर जाऊ नकोस. डायबेटिसमध्ये आणि म्हातारपणी हार्ट अटॅक छातीत न दुखताही येतो. नुसता घाम, मळमळ आणि हे जीव घाबरणं. नाडी बघ, बीपी घे, डॉक्टरांना बोलाव. चार्टवर तिचेच शब्द लिही. ‘पेशंट अस्वस्थ’ असं लिहिलेलं मला कधीच उपयोगी पडलं नाही.

आता औषधं. योग्य पेशंट, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ, आणि मग नोंद; ही यादी तुला येतेच. यात ‘योग्य पेशंट’ सगळ्यात सोपं वाटतं, आणि खानदेशात सगळ्यात अवघड तेच आहे. एका वॉर्डात दोन सुमनबाई पाटील असणं ही काही नवलाची गोष्ट नाही. “तुम्ही सुमनबाई ना?” असं विचारलंस तर कमी ऐकू येणारी आजी कशालाही मान हलवते. म्हणून नाव आपण घ्यायचं नाही, त्यांना सांगायला लावायचं: “आजी, तुमनं नाव काय शे?” इथे दुसरी गंमत. पूर्ण नावात नवऱ्याचं नाव येतं, आणि जुन्या बायका ते उच्चारत नाहीत. एक आजी मला म्हणाली होती, “तठे कागदवर लिखेल शे ना!” अशा वेळी गाव विचारायचं, वय विचारायचं, मनगटाचा बँड आणि केसपेपरचा नंबर जुळवायचा. कॉट नंबरवर विश्वास नको. पंख्याखालची जागा मिळाली की नातेवाईक कॉट बदलून घेतात आणि आपल्याला कुणी सांगत नाही.

मात्रेबद्दल एकच उदाहरण देते, पण ते नीट समजून घे. आपल्याकडे इन्सुलिनची व्हायल बहुतेक ४० युनिट प्रति मिलिलिटरची असते आणि तिची सिरिंज लाल टोपीची. पेनच्या कार्ट्रिजमधलं आणि काही व्हायलमधलं इन्सुलिन १०० युनिटचं, त्याची सिरिंज केशरी टोपीची. समज, २० युनिटची ऑर्डर आहे. ४०ची व्हायल आहे आणि हातात केशरी सिरिंज आली. तू २०च्या खुणेपर्यंत भरलंस म्हणजे ०.२ मिलिलिटर, म्हणजे पेशंटला गेले फक्त ८ युनिट. उलटं झालं, १०० युनिटचं इन्सुलिन लाल सिरिंजमध्ये २०च्या खुणेपर्यंत भरलं, तर ०.५ मिलिलिटर, म्हणजे ५० युनिट. रात्री दोनला ती बाई घामाघूम होऊन बेशुद्ध सापडेल. दोन्ही वेळा चार्टवर ‘२० युनिट दिले’ असंच लिहिलेलं असेल. म्हणून व्हायलवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा एकमेकांशेजारी धरून वाच. शक्य तिथे दुसऱ्या स्टाफला दाखव. त्यात कमीपणा नाही. आणि पोटॅशियम क्लोराइडचा अ‍ॅम्प्यूल थेट शिरेत कधीही ढकलायचा नाही. तो सलाईनमध्ये मिसळून, बाटली नीट हलवून, सावकाशच जायचा. थेट गेला तर हृदय बंद पडतं, आणि चूक सुधारायला वेळ मिळत नाही.

ऑर्डरच चुकीची वाटली तर? तुमच्या पुस्तकात पेशंटची बाजू मांडणं असं काहीतरी लिहिलेलं असेल. वॉर्डात त्याचा अर्थ रात्री अडीचला झोपलेल्या रेसिडेंटला उठवणं असा असतो. स्टुडंट म्हणून तू आधी स्टाफ सिस्टरला सांगायचं. पण सांगायचंच. सांगण्याची एक पद्धत मला उपयोगी पडली: पेशंट कोण, आत्ता काय झालंय, मागे काय आहे, मला काय वाटतं, आणि तुमच्याकडून काय हवंय. “सर, जरा बघता का” याला उत्तर मिळतं “सकाळी बघतो.” “सर, सात नंबर, ऑपरेशनचा पहिला दिवस, नाडी १३०, लघवी चार तासांत ५० मिली, ड्रेसिंग भिजलंय, तुम्ही आत्ता या” याला सर येतात. फोनवर तोंडी ऑर्डर आलीच तर औषध आणि आकडा त्यांना परत वाचून दाखव. सर रागावतात का? काही रागावतात. मला एकदा भर राउंडमध्ये ऐकून घ्यावं लागलं होतं, आणि तेव्हा चूक माझीच होती, डोस बरोबर होता. तरी पुढच्या वेळी मी परत विचारलं.

नर्सिंग प्रोसेसच्या पाच पायऱ्यांत शेवटची, मूल्यमापनाची, आपण सगळ्यात जास्त गाळतो. इंजेक्शन दिलं की काम झालं असं वाटतं. नंदुरबारकडच्या, सातपुड्यातल्या भिल आणि पावरा मुलांमध्ये सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बऱ्यापैकी दिसतो. त्याचा झटका आला की, म्हणजे क्रायसिसमध्ये, हाडं असह्य दुखतात, पण कित्येकदा मूल ओरडत नाही, भिंतीकडे तोंड करून गप्प पडून राहतं. धडगावकडच्या एका पोराबद्दल ‘नाटक करतो, सारखं इंजेक्शन मागतो’ असं ड्युटी बदलतानाच्या ओव्हरमध्ये मी स्वतः ऐकलंय, आणि तेव्हा मीही मान डोलावली होती. दुखणं किती आहे हे ज्याला दुखतं तोच सांगू शकतो. इंजेक्शन दिल्यावर अर्ध्या तासाने परत जा, दहापैकी किती दुखतं ते विचार. आकडे कळत नसतील तर हाताची बोटं दाखवायला सांग. पाणी पितोय का, ताप आहे का, श्वास कसा आहे ते बघ. सिकलसेलमध्ये ताप आणि छातीत दुखणं साधं धरायचं नाही. भाषा पावरी असेल आणि तुला येत नसेल तर नातेवाइकाला मध्ये घे, पण बाईच्या खासगी तक्रारीसाठी सासऱ्याला किंवा दिराला दुभाषी करू नकोस. ती काही सांगणारच नाही.

त्यावरूनच पडदा. कॅथेटर टाकताना, एनिमा देताना, स्पंज करताना आधी स्क्रीन लावायचा, काय करणार ते सांगायचं, विचारायचं, मगच हात लावायचा. पेशंट बेशुद्ध असला तरी सांगायचं. स्क्रीन सापडत नसेल तर वॉर्डातल्या मावशींना चादर धरून उभं कर, पण उघड्यावर करू नकोस.

आणि वॉर्डातलं वॉर्डात. आपल्याकडे गावं छोटी आणि नाती लांब पसरलेली, कुणी ना कुणी ओळखीचं निघतंच. बसस्टँडवर मावशी विचारते, “ती अमक्याची सून कशासाठी अ‍ॅडमिट होती गं?” तुला ते साधं वाटतं, तिकडे कुणाचं लग्न मोडतं. सिकलसेल, टीबी, गर्भपात, यातलं काहीही तुझ्या तोंडून बाहेर जायला नको. एचआयव्हीच्या बाबतीत तर गुप्तता राखणं २०१७च्या कायद्यानेच बंधनकारक आहे. वॉर्डातले रील्सही त्यातच आले. मागच्या कॉटवरचा चेहरा तुझ्या फोनमधून गावभर जातो.

हात धुण्याबद्दल तुमच्या मॅडमनी पुरेसं सांगितलं असेल, म्हणून थोडक्यात. हँडरबने (हातावर चोळायच्या अल्कोहोलच्या द्रवाने) २० ते ३० सेकंद, साबण-पाण्याने ४० ते ६०. हात दिसायला मळलेले असतील किंवा जुलाबाचा पेशंट हाताळला असेल तर साबण-पाणीच. एक सवय मात्र आत्ताच मोड: एकच ग्लोव्हजची जोडी घालून चार कॉट फिरणं. त्याने तुझे हात स्वच्छ राहतात, पेशंटचं काय?

सुईला वापरल्यावर परत टोपण लावायचं नाही, सरळ पांढऱ्या, न भोसकणाऱ्या डब्यात. टोचलीच तर बोट दाबत बसू नकोस, साबण-पाण्याने धू आणि लगेच इन्चार्जला सांग. एचआयव्ही टाळायचं औषध लागणार असेल तर ते शक्यतो दोन तासांत आणि फार तर ७२ तासांत सुरू व्हावं लागतं. भीतीने दोन दिवस लपवून ठेवणाऱ्या मुली मी पाहिल्यात. हिपॅटायटिस बीचे तीन डोस (आज, एक महिन्याने, सहा महिन्यांनी) अजून झाले नसतील तर पोस्टिंग वाढायच्या आत सुरू कर.

लिहिण्याचं राहिलं. दिल्यानंतर लिहायचं, आधी नाही. सकाळीच दुपारच्या दोनच्या डोसवर टिक करून ठेवणारे असतात. मग पेशंट सोनोग्राफीला जातो, डोस राहतो आणि चार्ट म्हणतो दिला. चूक लिहिली गेली तर एक आडवी रेघ, सही, वेळ. व्हाइटनर नाही, खाडाखोड नाही. आणि औषध चुकलंच तर पेशंट ठीक दिसतोय म्हणून गप्प राहू नकोस, लगेच सांग. बोलणी बसतील, पण उतारा वेळेत देता येईल.

आता चक्कर. लाइन सोडू नकोस, निदान या कारणासाठी नाही. पहिल्या काही महिन्यांत हे पुष्कळ जणींना होतं आणि सवयीने बहुतेकींचं जातं. सकाळी उपाशीपोटी येऊ नकोस, पोळी-भाजी खाऊन ये. एका जागी गुडघे ताठ करून उभी राहू नकोस, पायाची बोटं हलवत राहा. कानात गुंई व्हायला लागलं, घाम सुटला, की लाजायचं नाही, “सिस्टर, मी बसते” म्हणून दोन पावलं मागे जाऊन सरळ जमिनीवर बसायचं. मी ते म्हणाले नव्हते. दुसऱ्याच आठवड्यात, बेडसोअरचं ड्रेसिंग चालू असताना, मी स्टराइल ट्रॉलीसकट खाली गेले होते. पेशंटच उठून बसला होता माझ्याकडे बघायला. मावशींनी साखरपाणी पाजलं, आणि ट्रॉलीवरचं सामान परत ऑटोक्लेव्हला, म्हणजे वाफेने निर्जंतुक करायला, मलाच न्यावं लागलं.