स्वसंमोहनाच्या वेगवेगळ्या ऑडिओ फाइल्स जोडून एकच सत्र कसं तयार करावं?

तुम्ही विचारलंय की शिथिलीकरण, गाढ झोप, आत्मविश्वास, परीक्षेची भीती अशा पाच-सहा फाइल्स जवळ आहेत, त्या एकापुढे एक जोडून तासाभराचं सत्र केलं तर चालेल का. नुसतं जोडून नाही चालणार. मी नेमकं तेच केलं होतं आणि बिघडलेली झोप आणखी बिघडवून घेतली होती.

अंमळनेरला आमचं छोटं रेकॉर्डिंगचं दुकान आहे. रिक्षावरून फिरणाऱ्या जाहिराती, लग्नाचे व्हिडिओ, शाळांच्या स्नेहसंमेलनाची गाणी, हे आमचं रोजचं काम. वडील गेले त्या वर्षी माझी झोप उडाली. रात्री दोनला जाग आली की पहाटेपर्यंत डोळे टक्क उघडे. एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी स्वसंमोहन शिकवलं. मग मी मिळतील त्या चार फाइल्स एकामागे एक लावल्या. पहिल्या फाइलमध्ये अंग सैल पडायचं, श्वास संथ व्हायचा, आणि विसाव्या मिनिटाला तोच आवाज एकदम चढून म्हणायचा, ‘चार… पाच… डोळे उघडा, तुम्ही ताजेतवाने आहात!’ झोपेच्या काठावरून रोज माघारी. त्यानंतर दुसरी फाइल पुन्हा पहिल्यापासून सुरू, ‘आरामात बसा, डोळे मिटा.’

तेव्हा लक्षात आलं, की अशी प्रत्येक फाइल म्हणजे एक आख्खं सत्र असतं. आधी आत नेणारा भाग, मग पायऱ्या किंवा उलटे आकडे मोजत खोल नेणारा, मग मुख्य सूचना, शेवटी बाहेर आणणारा. चार फाइल्स जोडल्या की आपण चार वेळा जिना उतरतो आणि चार वेळा चढतो. म्हणून जोडण्याआधी कापायला शिका. आत नेणारा भाग एकाच फाइलचा घ्या, जो तुम्हाला सर्वांत मानवतो तो. खोल नेणारा एक. बाकीच्या फाइल्समधून फक्त सूचना उचला. बाहेर आणणारा भाग एकच आणि अगदी शेवटी. माझं सत्र २२ मिनिटांचं आहे: सात मिनिटं आत जायला, चार खोल जायला, नऊ सूचनांना, दोन परतायला. तासभराच्या सत्रात मन भरकटतं असा माझा अनुभव.

आणि सगळे विषय एकाच सत्रात कोंबू नका. ‘हिप्नॉटिझम’ हा शब्द ज्याने १८४० च्या दशकात रूढ केला, त्या जेम्स ब्रेड नावाच्या स्कॉटिश शल्यविशारदालाच पुढे तो शब्द खटकू लागला, कारण ही अवस्था म्हणजे झोप नव्हे. त्याने ‘मोनोआयडिझम’ असा शब्द सुचवला, म्हणजे मन एकाच कल्पनेवर टेकणं. परीक्षेची भीती आणि गाढ झोप एकत्र केलीत तर एक सूचना ‘सावध, तल्लख राहा’ म्हणेल आणि दुसरी ‘सगळं सोडून द्या’. दोन वेगळी सत्रं करा.

आता मराठी ऐकणाऱ्यांसाठी एक गोष्ट. आपल्या भाषेत क्रियापदालाही लिंग असतं. एका फाइलमध्ये ‘मी शांत झालो’, दुसरीत ‘मी शांत झाले’, तिसरीत ‘तू शांत होतोयस’, चौथीत ‘तुम्ही’. एरवी कानाआड जाईल, पण त्या अवस्थेत असा प्रत्येक बदल खड्यासारखा टोचतो. म्हणून माझं ठाम मत आहे की आत नेणारा भाग दुसऱ्याचा चालेल, पण सूचना स्वतःच्या आवाजात, स्वतःच्या बोलीत रेकॉर्ड करा. माझ्या सूचना मी शेवटी अहिराणीत केल्या. ‘मी आते शांत शे.’ प्रमाण मराठीतलं तेच वाक्य मला शाळेच्या फळ्यावरचं वाटायचं.

दुसऱ्याच्या सूचना जशाच्या तशा घेणार असाल, तर ऋतूही बघा. १९३२ मध्ये जर्मन मानसोपचारतज्ज्ञ योहानेस शुल्ट्झ यांनी मांडलेल्या पद्धतीत आधी हात जड होतोय आणि मग उबदार होतोय असं मनाशी म्हणायचं असतं. खूप फाइल्समध्ये ती वाक्यं येतात. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ ला टेकलेला असताना ‘तुमचं अंग उबदार होतंय’ ऐकून बघा. उन्हाळ्याच्या आवृत्तीतून मी ते वाक्य काढलं आणि ‘जड’ तेवढं ठेवलं.

काम ऑडॅसिटी या आवाज कापण्या-जोडण्याच्या सॉफ्टवेअरवर करा. फुकट आहे, साध्या लॅपटॉपवर चालतं. फोनवरच्या एम४ए फाइल्स उघडण्यासाठी एफएफएमपेग ही जोड बसवावी लागते. प्रत्येक फाइल वेगळ्या ट्रॅकवर घ्या, एकदा पूर्ण ऐका आणि जिथे भाग बदलतो तिथे कंट्रोल-बी दाबून लेबल लावा. मग कापा.

त्यात ‘ट्रंकेट सायलेन्स’ नावाची सोय आहे, वाक्यांमधली शांतता आपोआप कापणारी. जाहिरातीच्या कामात मी ती दिवसातून दहा वेळा वापरते, कारण तिथे सेकंदाचे पैसे असतात. इथे तिला हातसुद्धा लावू नका. ‘खांदे सैल सोडा’ म्हटल्यावर खांदे सैल व्हायला पाच-सहा सेकंद लागतात, ती शांतता हाच सत्राचा गाभा आहे. उलट मी बऱ्याच ठिकाणी ती वाढवली. मात्र वाढवताना कोरी शांतता घालू नका. रेकॉर्डिंगमधला पंख्याचा बारीक आवाज अचानक तुटला तर ते कानाला कळतं. त्याच रेकॉर्डिंगमधला कोणी बोलत नसलेला तुकडा कॉपी करून तिथे बसवा.

आवाजाची पातळी सारखी करताना नुसतं ‘नॉर्मलाइझ’ पुरत नाही, कारण ते सर्वांत उंच टोक बघतं. फाइलमध्ये एक खोकला असला तरी बाकीचं बोलणं बारीकच राहतं. ‘लाउडनेस नॉर्मलायझेशन’ वापरा, सगळ्या ट्रॅकना एकच आकडा द्या. मी उणे २० एलयूएफएस ठेवते (कानाला आवाज एकूण किती मोठा वाटतो ते मोजायचं हे माप).

रेकॉर्डिंगला जागा महत्त्वाची. पत्र्याच्या खोलीत आवाज घुमतो, कूलर बंद करता येत नाही, आणि आमच्याकडे रात्री मालगाडीचा भोंगा ठरलेला. मी आजीच्या धाब्याच्या घरात, मातीच्या जाड भिंतींमध्ये, पहाटे चारला, समोर दोन गोधड्या टांगून केलं. तसं घर नसेल तर कपड्यांनी भरलेल्या कपाटाचं दार उघडून त्याच्यासमोर बसा.

मागे लावायच्या आवाजासाठी चोपड्याच्या बाजूला मावशीच्या केळीच्या बागेत पाटाचं पाणी रेकॉर्ड केलं. तीन मिनिटांचा तुकडा पुन्हा पुन्हा जोडला. त्यात एकदा टिटवी ओरडली होती. पहिल्या रात्री गोड वाटली. तिसऱ्या रात्री मी सूचना ऐकायचं सोडून टिटवीची वाट बघत होते. पुन्हा येणाऱ्या तुकड्यात ओळखू येईल असं काहीही ठेवू नका. सांध्यावर पाच सेकंद क्रॉसफेड द्या, म्हणजे पहिला तुकडा विरत जाताना दुसरा हळूहळू वर येतो, आणि हा आवाज बोलण्यापेक्षा १५-२० डेसिबल खाली ठेवा. फाइलमध्ये बायनॉरल बीट्स (दोन कानांतल्या सूरांच्या फरकातून भासणारे ठोके) असतील तर शेवटी मोनो, म्हणजे दोन्ही कानांना एकच आवाज, करू नका. दोन कानांत दोन वेगळे सूर गेले तरच ते तयार होतात.

मूळ प्रोजेक्ट जपून ठेवा आणि एमपी३ शेवटी एकदाच काढा, दर वेळी पुन्हा एमपी३ केली की दर्जा घसरतो. बायनॉरल बीट्स नसतील तर मोनो, ९६ केबीपीएसला २२ मिनिटांची फाइल १६ एमबीच्या आसपास बसते. दोन आवृत्त्या काढा. दिवसाच्या आवृत्तीत परतीचा भाग हवा. रात्रीच्या आवृत्तीत तो अजिबात नको, त्याऐवजी पाण्याचा आवाज चार-पाच मिनिटांत विरत जाऊ द्या. फोनचा ऑटोप्ले बंद करा, नाहीतर पुढची जाहिरात सगळं उधळून लावेल.

मध्येच बॅटरी संपली तर ‘आत अडकून’ राहण्याची भीती मनात असेल तर ती काढून टाका. एकतर झोप लागते, नाहीतर आपणहून डोळे उघडतात. पण गाडी चालवताना, गॅसपुढे किंवा मशीनवर काम करताना लावू नका. अपस्मार किंवा गंभीर मानसिक आजार असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. आणि विकत घेतलेल्या फाइल्सचं हे मिश्रण स्वतःपुरतंच ठेवा, गटांमध्ये पाठवू नका.

तयार झालं की लगेच रात्री लावू नका. आधी दुपारी, वही घेऊन बसून ऐका. जिथे लक्ष शब्दांवरून उडून रेकॉर्डिंगकडे जाईल, ती वेळ लिहून ठेवा. माझ्या पहिल्या आवृत्तीत अशा ११ जागा निघाल्या होत्या.