हिराम पॉवर्सने ‘ग्रीक स्लेव्ह’ हा एकच पुतळा संगमरवरात सहा वेळा कसा घडवला?

दर वेळी नव्याने नाही, मापं उतरवून. पुतळा आहे साखळीने हात बांधलेल्या ग्रीक गुलाम तरुणीचा. पॉवर्स (1805–1873) हा अमेरिकन शिल्पकार, मूळचा व्हरमाँट राज्याचा. सिनसिनाटीत मेणाचे पुतळे करत हात बसला, 1837 मध्ये तो फ्लॉरेन्सला गेला आणि शेवटपर्यंत तिथेच राहिला.

1843 मध्ये त्याने मातीचा नमुना पुरा केला आणि साचा काढून तो प्लास्टरमध्ये ओतून घेतला. या प्लास्टरवर जागोजागी धातूच्या बारीक खुणा ठोकल्या. प्रत्येक खुणेची खोली मापयंत्राने घ्यायची, दगडात जवळजवळ तेवढंच भोक पाडायचं, मग कारागिरांनी भोकाच्या तळापर्यंत दगड उतरवायचा. तळाशी थोडा दगड राखावाच लागतो, कारण भोक जरा खोल गेलं की तो खड्डा गालावर कायमचा राहतो. संगमरवर भरून येत नाही! काळी शीर निघाली, तर महिन्यांचं काम वाया.

शेवटचा हात पॉवर्स फिरवायचा. प्लास्टर तासताना कानस भुकटीने बुजते, म्हणून त्याने भोकं असलेली कानस शोधून काढली. मला त्याचं खरं मोठेपण इथे दिसतं.

सहावी प्रत ब्रुकलिन म्युझियममध्ये आहे. तिचे हात नीट पाहा: आधीच्या प्रतींतल्या साखळीऐवजी सरळ दांड्याची बेडी आहे.